इंग्वेचा उजवा हात आणि 'ओडिसी'

डिस्टॉर्शन लावलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर बाख आणि पागानिनीचा ढंग आणायचा, ही कल्पना काही इंग्वे माल्मस्टीनची एकट्याची नाही. डीप पर्पलच्या रिची ब्लॅकमोरने ती आधीच चाखली होती. पण त्या कल्पनेचं अख्खं घराणं उभं राहिलं ते स्टॉकहोमच्या या पोरामुळे. १९८३ साली विशीत तो अमेरिकेत आला आणि १९८४ च्या 'रायझिंग फोर्स'ने जगभरचे गिटारवाले कामाला लागले.

मंडळी, आपल्या कानांना हे वाटतं तितकं परकं नाही. त्याचं लाडकं स्केल हार्मोनिक मायनर. म्हणजे गंधार-धैवत कोमल, बाकी सगळे शुद्ध. आपल्या किरवाणीचेच सूर की! शिवाय त्याच्या गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. तार लाकडाला टेकत नाही, हवी तशी खेचता येते. सतारीवरची मींड आठवा.

जून १९८७ मध्ये त्याची जॅग्वार झाडावर आदळली. मेंदूत गुठळी, जवळपास आठवडाभर कोमा आणि उजव्या हाताच्या नसांना इजा. हाच हात तार छेडणारा! त्यातून सावरत असतानाच आई कॅन्सरने गेली.

यानंतर १९८८ मध्ये आला 'ओडिसी'. गायक जो लिन टर्नर, म्हणजे पूर्वी ब्लॅकमोरच्याच रेनबोमध्ये गाणारा. अमेरिकेत अल्बम ४० व्या क्रमांकापर्यंत चढला. आणि तरीही बारा ट्रॅक्सचा हा अल्बम कमालीचा खाली-वर आहे.

आता कुणीही म्हणेल, अपघात झाला होता ना, मग होणारच. मला नाही पटत. हाताची खरी परीक्षा 'क्राकाटाऊ'सारख्या शब्दांविना वाजवलेल्या तुकड्यात आहे आणि तिथे हात पहिल्या नंबराने पास होतो. अल्बम पडतो तो 'हेवन टुनाईट'सारख्या रेडिओवर चालणाऱ्या गाण्यांत. गोड कोरस, मग सोलो, मग पुन्हा कोरस. ख्यालात तान येते ती बढत झाल्यावर. तिच्यासाठी जागा तयार झालेली असते. इथे बढतच नाही, त्यामुळे सोलो कितीही तयारीचा असला तरी नुसती कसरत वाटते. गाण्याला त्याची गरजच नव्हती!

फेब्रुवारी १९८९ मध्ये याच संचाने लेनिनग्राड गाजवलं. पण १९९० च्या 'एक्लिप्स'पर्यंत संच बदलला होता.

असो. नाशिक रोडला पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसलात की हेडफोन लावा आणि 'ओडिसी' शेवटून ऐका. आधी 'क्राकाटाऊ', मग 'मेमरीज'. हा दुसरा जेमतेम सव्वा मिनिटाचा, साध्या अकूस्टिक गिटारवरचा. तिथे ना वेग आहे, ना चार्टची चिंता. वर्षभरापूर्वी जो हात पुन्हा वाजवेल की नाही याची खात्री नव्हती, तो तिथे फक्त वाजतोय.