सर्व्हर संथ झाला? एसएसडी कॅश काढण्याआधी हे तपासा

एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालू असली की हार्ड डिस्कवर सगळीकडून एकदम ताण येतो. म्हणून वारंवार लागणारा डेटा वेगवान एसएसडीवर ठेवतात. हीच एसएसडी कॅश. लिनक्समध्ये डीएम-कॅश आणि बी-कॅश या सोयी २०१३ पासून आहेत.

वेग का घटतो?

हिट रेट कमी : मागितलेला डेटा कॅशमध्ये किती वेळा सापडला, त्याचे हे प्रमाण. नवी कॅश भरायला वेळ लागतो. मात्र प्रमाण कायम कमी राहिले, तर रोज लागणारा डेटा कॅशमध्ये मावत नाही, असे समजावे.

रात्रीचा बॅकअप : बॅकअप सगळा डेटा वाचतो. त्यामुळे रोजच्या कामाचा डेटा कॅशबाहेर ढकलला जाऊ शकतो. फक्त सकाळीच सर्व्हर संथ असेल, तर आधी हे पाहावे.

उष्णता : परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला, तर एसएसडी तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. स्मार्ट अहवालात तिचे तापमान आणि झीज दोन्ही दिसतात.

खरा धोका कुठे?

कॅशमध्ये लिहिण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. ‘राइट-थ्रू’मध्ये डेटा एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्हीकडे पोहोचल्यावरच काम पूर्ण मानले जाते. ‘राइट-बॅक’मध्ये तो आधी एसएसडीवर लिहिला जातो आणि हार्ड डिस्कवर नंतर जातो. वेग वाढतो, पण मधल्या काळात ताजी प्रत फक्त एसएसडीवर असते. तीच एसएसडी बिघडली किंवा घाईने काढली, तर त्या डिस्कवरच्या सर्व व्हर्च्युअल मशीनचा डेटा खराब होऊ शकतो.

वीज अचानक गेल्यास साध्या एसएसडीच्या तात्पुरत्या मेमरीतला डेटाही जाऊ शकतो. त्यामुळे यूपीएस हवाच. शिवाय राइट-बॅकसाठी वीज गेल्यावरही डेटा राखणाऱ्या दोन एसएसडींची जोडी वापरावी, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर प्रत राहते.

कॅश काढण्याचा क्रम

१. बॅकअप घ्या आणि तो उघडतो का ते पाहा.
२. पद्धत राइट-थ्रू करा.
३. हार्ड डिस्कवर जायचा बाकी असलेला, म्हणजेच ‘डर्टी’ डेटा शून्य होईपर्यंत थांबा.
४. मगच आधी सॉफ्टवेअरमधून कॅश वेगळी करा आणि शेवटी एसएसडी काढा.