बदनामीला उत्तर कोणतं? पुणे १९२५ आणि चिखली १९२७



तथागत बुद्ध, महात्मा फुले किंवा बाबासाहेबांबद्दल कुणी गरळ ओकली की आपल्यात लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, दुर्लक्ष करा, हत्ती चालत राहतो. दुसरा म्हणतो, आत्ताच्या आत्ता उत्तर दिलं नाही तर आपण बाबासाहेबांची लेकरं कसली? बुलडाणा जिल्ह्यात काम करताना ही दोन्ही मतं आम्हाला नेहमी ऐकू येतात. आमच्या मते दोन्ही अर्धवट आहेत. ते समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि तिथे आपल्याच जिल्ह्यातलं चिखली भेटतं.

सुरुवात खुद्द जोतीरावांपासून करू. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. भटजीशिवाय लग्न, निर्मिकाची मध्यस्थाविना प्रार्थना, म्हणजे ही नुसती सामाजिक सुधारणा नव्हती, तो धर्माचाच नवा विचार होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्यांची यथेच्छ टिंगल केली. विचारांना हात घालण्याऐवजी व्याकरणाच्या चुका काढल्या. आपल्या पोरांची भाषा काढून त्यांना गप्प करायची ही युक्ती आजही वर्गावर्गांत चालते. फुल्यांनी या टिंगलीवर आयुष्य खर्ची घातलं नाही. ते लिहीत राहिले, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पण १८८५ साली त्यांनी ‘सत्सार’चे अंक काढले, ते मात्र उत्तरच होतं. कुणासाठी? धर्मांतर केलं म्हणून जिच्यावर तुटून पडले त्या पंडिता रमाबाईंसाठी, आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांसाठी. ताराबाईंवर टीका करणाऱ्यांत आपल्याच बाजूचे पुरुष होते, तरी जोतीराव मागे हटले नाहीत. स्वतःच्या अपमानावर ते इतके अडून बसलेले दिसत नाहीत.

आता १९२५. फुल्यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. पुणे नगरपालिकेत केशवराव जेध्यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा विषय आणला आणि सनातन्यांनी कडाडून विरोध केला. मेलेल्या माणसाची बदनामी सुरू झाली. त्याच वातावरणात दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ आलं, प्रकाशक जेधे. चिपळूणकर आणि टिळकांवर त्यात इतक्या जहाल भाषेत हल्ला होता की प्रकरण अब्रुनुकसानीच्या खटल्यापर्यंत गेलं आणि खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ साली अपिलात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर, आणि सगळे सुटले.

जवळकर तेव्हा ऐन पंचविशीतले. त्यांचा राग आम्हाला आपला वाटतो, आणि बाबासाहेबांनीही त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. पण हिशोब मांडू. फुल्यांवरचे आक्षेप खोटे कसे, हा प्रश्न मागे पडला आणि चर्चा ‘जवळकरांची भाषा’ या विषयावर गेली. विरोधकांना हेच हवं होतं.

दोनच वर्षांनी, १९२७ साली, पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिलेलं महात्मा फुल्यांचं चरित्र चिखलीहून प्रसिद्ध झालं. फुल्यांचं पहिलं मराठी चरित्र म्हणून ते ओळखलं जातं. धनंजय कीरांचं चरित्र १९६४चं, म्हणजे सदतीस वर्षांनंतरचं. पुण्याच्या वादाला उत्तर म्हणूनच पाटलांनी लेखणी उचलली, असा आमचा दावा नाही. पण ज्या माणसाची बदनामी चालली होती तो कसा जगला आणि त्याने काय केलं, हे सलग वाचायची सोय पुण्याने केली नाही, वऱ्हाडातल्या चिखलीने केली. पुढे अभ्यासकांना या पुस्तकापाशी यावंच लागलं. आपल्या जिल्ह्याची ओळख राजमाता जिजाऊंचं सिंदखेडराजा, लोणारचं सरोवर, शेगाव अशी सांगतात. त्या यादीत हे पुस्तक कुणी घेत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

बुद्धांनी या प्रश्नावर काय सांगितलं ते दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात आहे. राजगृह ते नालंदा या वाटेवर सुप्पिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघाची निंदा करत मागून चालला होता. भिक्खूंमध्ये चर्चा सुरू झाली. तथागतांच्या सांगण्याचा आशय असा: कुणी माझी निंदा केली म्हणून संतापू नका, कारण संतापलात तर तो बोलतो त्यात खरं किती आणि खोटं किती हे तुम्हाला कळेल का? जे खोटं आहे ते खोटं का, हे उलगडून सांगा. म्हणजे ‘धम्मात शांत बसायला सांगितलंय’ असं म्हणणाऱ्यांनी अर्धंच सुत्त वाचलंय. उत्तर द्यायचंच आहे, फक्त आधी आरोप तपासायचा आहे.

हे करून दाखवलं भदंत आनंद कौसल्यायन यांनी. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला, त्यात मूळ संदर्भ छापलेले नव्हते. हा बुद्धाचा नसून आंबेडकरांचा धम्म आहे, अशी टीका बौद्ध नियतकालिकांतूनच झाली. भदंतजींनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना पाली साहित्यातले आधार शोधून जोडले. फुल्यांच्या बाबतीत तसंच घडलं. ‘सोबत’ साप्ताहिकात बाळ गांगलांनी फुल्यांवर गलिच्छ लिहिलं, तेव्हा मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. पण त्या लेखांचा निकाल लावला हरी नरके यांच्या १९८९च्या पुस्तकाने, कागदपत्रं समोर ठेवून.

रस्ता नकोच, असं आम्ही म्हणत नाही. १९८८ साली ‘रिडल्स’वरून अमरावतीत बाबासाहेबांच्या ग्रंथाची प्रत जाळली गेली, तेव्हा मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला नसता तर सरकारने तो भाग गाळलाच असता, असं आम्हाला वाटतं. पण रस्त्यावर किंमत कोण मोजतं? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घालणारा कुठेच नव्हता, गोळीबारात मेले ते आपले दहाजण. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आणि न्यायालयीन कोठडीत जीव गेला तो कायदा शिकणाऱ्या सोमनाथ सूर्यवंशीचा.

म्हणून रात्री अकराला ‘दादा, अमक्याने स्टेटस ठेवलंय, पोरं निघालीत’ असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, त्यातल्या किती जणांनी पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय? एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत सगळं अडकतं. उलट हत्यार आपल्या हातात आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीने कलम ३(१)(व्ही) आलं. अनुसूचित जाती-जमातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने, लिखाणाने किंवा इतर कोणत्याही मार्गाने अनादर करणं हा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसासाठी गुन्हा आहे. तारीख, वेळ आणि लिंकसह स्क्रीनशॉट काढा. पोस्ट पुढे पाठवू नका, नाहीतर त्याचा प्रचार आपणच करतो. दोघं-तिघं मिळून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी याच कायद्यात कलम ४ आहे, हे अर्जात लिहा. आणि त्या पोस्टमधला आरोप एका कागदावर उतरवून रविवारच्या वंदनेला विहारात आणा. आपण पुस्तकं उघडून बसू.