साडेतीन मिलिमीटरची कुळकथा

माहूरगडावर रेणुकामातेची ओटी भरून, कुटलेल्या तांबुलाचा प्रसाद घेऊन एखादी गर्भवती पायऱ्या उतरते. पहिलं सिझर झालेलं असेल, तर घरच्यांच्या मनात एकच घोर असतो: यंदा नॉर्मल होईल, की कळांमध्ये जुने टाके उकलतील?

हा घोर जुना आहे. पूर्वी सिझरनंतर गर्भाशय सहसा शिवतही नसत. १८८२ साली जर्मनीतल्या माक्स झेंगर यांनी ते शिवण्याची पद्धत मांडली. बाई वाचू लागली, पण उभ्या छेदाचा व्रण पुढच्या खेपेला दगा द्यायचा. एकदा सिझर, की पुढेही सिझरच, हा दंडक न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांच्या १९१६च्या लेखातला. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२६ साली गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावरच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला. असा व्रण कळांमध्ये फाटण्याचं प्रमाण साधारण २०० बायकांत एक.

पण ती एक कोण, हे आधी कळायचं कसं? त्याचीही वाट ग्लासगोतूनच निघाली. १९५५ साली डॉ. इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेले. पोलादातली चीर ध्वनिलहरींनी शोधणारं यंत्र तिथे होतं. १९५८ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि सोनोग्राफी प्रसूतिशास्त्रात रुजली. त्याच नियतकालिकात १९९६ साली फ्रान्सच्या पॅट्रिक रोझेनबर्ग यांनी ६४२ स्त्रियांची मोजमापं मांडली. ३६ ते ३८ आठवड्यांत गर्भाशयाचा हा खालचा भाग साडेतीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर व्रण उकलण्याची भीती फारच थोडी.

तपासताना बाईला लघवी रोखून धरायला सांगतात. पडद्यावर काळं मूत्राशय आणि बाळाचं डोकं यांच्यामध्ये एक बारीक रेघ दिसते. ती जिथे सर्वांत पातळ, तिथे माप घेतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याने प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म सक्तीचा केला. त्यातल्या मान्य कारणांच्या यादीत आधीच्या सिझरच्या व्रणाची तपासणीही आहे.

हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. साडेतीनपेक्षा पातळ व्रणही बहुतेकदा टिकतो, आणि कुठल्या मापाला धोका म्हणावं यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण माहूरहून नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि व्रण फाटला तर हाती मिनिटंच उरतात. म्हणून पहिल्या सिझरचा छेद उभा की आडवा हे सांगणारा जुना कागद जपून ठेवावा, नव्या मापासोबत तो डॉक्टरांपुढे ठेवावा आणि बाळंतपण कुठे करायचं ते कळा सुरू होण्याआधीच ठरवावं.