घराचा पुरावा

राहत्या घराचा इतिहास शोधावा असे मनात आले, म्हणजे माणूस प्रथम खानेसुमारीकडे वळतो. विलायतेत हे जमते. तेथे घरोघर भरलेले कागद शंभर वर्षे कुलपात राहतात आणि मग खुले होतात. 1921 चे कागद 2022 च्या आरंभी खुले झाले, आणि कोणत्या घरात कोण नांदत होते ते लोकांस नावानिशी कळले. आपल्याकडे गणती 1872 पासून होत आली. पण आकडे बेरजेत गेले की नावांच्या कागदांचे काम संपले. शिवाय 1948 च्या कायद्याने ते मूळ कागद पाहण्याचा हक्क कोणास नाही. उरते ते जिल्ह्याचे पुस्तक. 1951 च्या गणनेनंतर निघालेल्या अशा पुस्तकांत गावापुढे घरे किती व माणसे किती एवढे सापडते.

अक्कलकुव्याच्या पेठेत राहणाऱ्याचे यावाचून अडत नाही. त्याच्यापाशी खरेदीखत असते, घरपट्टीच्या पावत्या असतात. अडते ते उत्तरेस, मोलगीपलीकडच्या डोंगरांत. तेथे पाड्यातली घरे एकमेकांस चिकटून नसतात, ज्याचे त्याच्या शेतात असतात. सागाचे खांब, बांबूचा कुड, वर शेणमातीचा लेप. भाऊ वेगळे झाले किंवा जागा मानवली नाही, तर तेच खांब उपटून दुसऱ्या टेकाडावर रोवता येतात. मग घर जुने म्हणावे की जागा?

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासी कुटुंबास 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि 2008 च्या नियमांत कोणते पुरावे चालतात ते दिले आहे: गॅझेटियर, जनगणना, नकाशे, जागेवरचे घर किंवा झोपडी, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. एकावर भागत नाही, एकाहून अधिक लागतात. गणती घरांची संख्या सांगते, जागा सांगत नाही. नकाशा जागा सांगतो, मालक सांगत नाही. दोन्ही जुळवून उरलेले म्हाताऱ्याकडून घ्यावयाचे.

सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा उघडताना आधी कडेचे साल वाचावे. छपाईचे साल निराळे, मोजणीचे निराळे. पुरावा मोजणीच्या सालाचा. पाड्यांची नावे इंग्रजी अक्षरांतून गेल्याने अशी मोडतात की गावकऱ्याला वाचून दाखवल्यावाचून ओळखू येत नाहीत. आणि सरदार सरोवराचे पाणी चढल्यावर मणिबेलीच्या नर्मदाकाठी जे बुडाले, ते पाहावयास जागाच राहिलेली नाही. तेथे जुना नकाशा हाच साक्षीदार.

म्हाताऱ्यास मात्र 'कोणत्या साली' असे विचारू नये. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या घराचे खांब कोठे रोवलेले होते, असे विचारावे. तो उठून जागा दाखवावयास चालू लागतो.