‘आई, माझा इथे इतिहासच नाहीये!’

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊनच बसा.

गेल्या वर्षी लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं: ‘आपल्या परिसराचा इतिहास’. वर्गातल्या कुणाचे पणजोबा इथल्या गिरणीत होते, कुणाची पणजी युद्धात कारखान्यात होती. आमचे सगळे आजोबा-पणजोबा सांगली-मिरजेच्या पट्ट्यातले. वही मिटून ती म्हणाली, “आई, माझा इथे इतिहासच नाहीये.”

तुमच्याकडेही हे वाक्य कधीतरी आलं असेल, नाहीतर येईल. मी सीए आहे, हिशेब विचारा, पटकन सांगते. पण या प्रश्नावर गप्प बसले. उत्तर मिळालं शेजारच्या आजोबांमुळे. वय ऐंशीच्या पुढे, गोरे, पक्के मँचेस्टरचे. म्हणाले, “सोमवारी संध्याकाळी माझ्याबरोबर चला. बेल व्यूला.”

बेल व्यू म्हणजे आमच्या मँचेस्टरमधलं स्पीडवेचं स्टेडियम. स्पीडवे म्हणजे छोट्या अंडाकृती ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत. एका वेळी चार जण, चार फेऱ्या, साधारण एका मिनिटात खेळ खलास. गाडी ५०० सीसीची, गियर एकच, आणि ब्रेक नाहीत! हो, नाहीतच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डाव्या बुटाला लावलेला पोलादी तळवा जमिनीला टेकवायचा आणि तिरकं तिरकं निघायचं. पहिल्या वळणाजवळ उभं राहिलात तर ट्रॅकवरची दगडाची भुकटी थेट तुमच्या केसांत. इंधन मिथेनॉल. जुन्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल घालत आणि त्याचा वास आजोबांना अजून आठवतो. मी म्हटलं, एरंडेलाची आठवण आम्हालाही आहे, पण ती वेगळी!

घरी येऊन मी वाचायला बसले. ऑडिटची सवय, काय करणार. जे सापडलं ते तुम्हाला सांगते, कारण त्यात लेकीचं उत्तर होतं.

हा अस्सल इंग्रजी वाटणारा खेळ इंग्रजांचा नाहीच! तो नेमका कुठे जन्मला यावर जुने शौकीन अजून भांडतात, पण ब्रिटनमध्ये तो आला ऑस्ट्रेलियाहून. तिथल्या वेस्ट मेटलंड गावात १९२३ च्या डिसेंबरमध्ये शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर रात्री दिव्यांच्या उजेडात मोटरसायकली पळवल्या गेल्या. त्यामागचे चिटणीस जॉनी हॉस्किन्स. म्हणजे ऑस्ट्रेलियातही बाहेरचाच माणूस, जन्माने न्यूझीलंडचा. १९२८ मध्ये ते इंग्लंडला आले आणि पुढची कित्येक दशकं या खेळाचे आयोजक म्हणून गाजले.

इंग्लंडमध्ये त्याआधी १९२७ साली दोन प्रयत्न झाले होते. एक दक्षिणेला कॅम्बरलीला आणि दुसरा, ऐका बरं का, आमच्या शेजारच्या ड्रॉयल्सडेनला! पण खरा धमाका १९ फेब्रुवारी १९२८ चा. लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात, हाय बीच इथे, एका पबच्या मागच्या मैदानावर इलफर्डच्या मोटरसायकल क्लबने शर्यती ठेवल्या. काही हजार माणसं येतील असा अंदाज होता. आली त्याच्या कितीतरी पट. ३०,००० हा आकडा सांगितला जातो. ट्रॅकच्या आत माणसं, बाहेर माणसं, मध्ये फक्त दोरी. आणि खेळ कसा असतो ते दाखवायला उतरलेल्यांत दोन ऑस्ट्रेलियन होते.

मग खेळ इतका पटकन का पसरला? इथे माझ्यातली अकाउंटंट जागी होते. दोनच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये, यांत्रिक सशामागे कुत्री पळवायच्या शर्यती ब्रिटनमध्ये सुरू झाल्या होत्या. त्याही पहिल्यांदा आमच्या बेल व्यूलाच. त्या वेडापायी गावोगाव अंडाकृती स्टेडियमं उभी राहिली. म्हणजे बसायची सोय तयार, दिवे तयार आणि आठवड्यातल्या बऱ्याच रात्री जागा रिकामी. ट्रॅकवर टाकायला कोळशाची राख, तीही या कारखान्यांच्या देशात मुबलक. भांडवल आधीच गुंतलेलं, वरचा खर्च थोडा, तिकीट कामगाराला परवडणारं. असा धंदा वाढणारच! १९२८ च्या त्या एका मोसमात ट्रॅक डझनांनी उघडले. १९२९ मध्ये दक्षिण आणि उत्तर अशा दोन लीग सुरू झाल्या, १९३२ मध्ये त्यांची एक झाली. बेल व्यूने १९३३ ते १९३६ सलग चार वर्षं ती जिंकली. तेव्हाचं बेल व्यू म्हणजे प्राणिसंग्रहालय, जत्रेतले पाळणे आणि शनिवारी रात्री स्पीडवे. आजोबांचे वडील सगळ्या घराला घेऊन तिथे जायचे.

१९३६ मध्ये वेम्बलीला पहिली जागतिक अंतिम फेरी झाली. ७४,००० प्रेक्षक. जिंकला कोण? लायनेल व्हॅन प्राग, ऑस्ट्रेलियन. या देशाला स्वतःचा विश्वविजेता मिळायला १९४९ उजाडावं लागलं: टॉमी प्राइस, पुन्हा वेम्बली, ९३,००० प्रेक्षक.

लेकीने मध्येच विचारलं, “मुली का नाही दिसत?” तेही शोधलं. सुरुवातीला होत्या! यॉर्कशायरची ईव्हा ऍस्क्विथ, आयर्लंडची फे टेलर. पुरुषांना हरवायच्या. १९३० मध्ये नियामक संघटनेने बायकांवर बंदी घातली आणि ती पुढे कित्येक दशकं टिकली. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वहीत ‘१९३०’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता उतरणीचा भाग. १९५० मध्ये नॅशनल लीगच्या तीन विभागांत मिळून तीसहून जास्त संघ होते. १९५७ मध्ये उरले ११. टीव्ही आला हे एक कारण. दुसरं माझ्या खात्यातलं: करमणूक कर. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, तात्पुरता म्हणून लावलेला (तात्पुरते कर किती तात्पुरते असतात ते मला विचारा). युद्धानंतर फुटबॉल-क्रिकेटला सवलतीचा दर आणि स्पीडवेला मात्र चढा. गेटवर जमा झालेल्या पैशांतला जवळजवळ अर्धा सरकारजमा. माणसं येतायत, गल्ला भरतोय आणि तरी ताळेबंद लाल! १९५७ मध्ये खेळांवरचा हा कर उठला, पण तोवर बरेच ट्रॅक बंद पडले होते. वेम्बलीचा नावाजलेला संघही त्याच वर्षी बंद झाला.

खेळ मेला मात्र नाही. १९६० मध्ये छोट्या गावांच्या, छोट्या बजेटच्या संघांनी प्रोव्हिन्शियल लीग काढली. मोठ्यांशी भांडणं झाली, एक वर्ष तर हे लोक मान्यतेशिवायच खेळले, आणि शेवटी १९६५ मध्ये सगळे एकत्र येऊन १८ संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली. खेळ वाचवला तो या लहानांनी.

त्यानंतरचा मोठा शत्रू म्हणजे जमिनीचा भाव. बहुतेक क्लब भाड्याच्या जागेत. मालकाने जागा विकली की संघ रस्त्यावर. बेल व्यूचं जुनं हाइड रोडचं मैदान १९८७ मध्ये गेलं. लंडनच्या हॅकनीचं स्टेडियम पाडलं, त्या जागेवर ऑलिम्पिक पार्क झालं. २०१६ मध्ये मात्र महापालिकेच्या पाठबळावर मँचेस्टरला नवं नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं आणि २०२२ मध्ये बेल व्यूने पुन्हा लीग जिंकली. आजोबा त्या रात्री रडले होते, असं आजी हळूच सांगतात.

हे वाचताना मला आपली मंडळं आठवली. भाड्याचा हॉल, भाडं वाढलं की पुढच्या वर्षी दुसरीकडे गणपती. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाकडे आज स्वतःची वास्तू आहे, त्यामागे किती जणांची किती वर्षं गेली असतील! तुमच्या मंडळाच्या पुढच्या मीटिंगला एवढं विचारा: शिल्लक कशासाठी जमवतोय आपण, फक्त पुढच्या कार्यक्रमासाठी?

पण मुख्य मुद्दा तो नाही. मुख्य मुद्दा लेकीचा.

तिला मी शेवटी एवढंच म्हटलं. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने ऑस्ट्रेलियात वाढवलेला खेळ इथे आला. पुढे तो स्वीडिश, डॅनिश आणि पोलिश खेळाडूंनीही गाजवला. शेजारचे आजोबा त्याला ‘आमचा’ म्हणतात. कारण त्यांचे वडील दर शनिवारी गेले, ते स्वतः गेले आणि आता दर सोमवारी जातात. ‘इथलं’ होण्यासाठी इथे जन्मावं लागतंच असं नाही. येत राहावं लागतं.

ते तिला कितपत पटलं माहीत नाही. तेराव्या वर्षी आईचं काय पटतं!

पण स्पीडवेची एक रीत आहे. प्रेक्षक छापील कार्यक्रमपत्रिका घेतात आणि प्रत्येक शर्यतीनंतर पेन्सिलने गुण भरतात. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला ०. एका शर्यतीचे ६, अशा पंधरा शर्यती. सगळं सुरळीत झालं तर दोन्ही संघांची बेरीज ९० यायलाच हवी. माझ्यासारखीला याहून सुंदर खेळ कुठला! आजोबांकडे अशा पत्रिकांचे खोके भरलेत, सगळ्यात जुन्यांवर त्यांच्या वडिलांचं अक्षर.

दुसऱ्या सोमवारी आजोबांचा हात थरथरत होता. त्यांनी पत्रिका आणि पेन्सिल लेकीच्या हातात दिली. तिने पंधराही शर्यतींचे गुण भरले, शेवटी बेरीज केली, पुन्हा तपासली. ९०. आजोबांनी ती घरी नेऊन खोक्यात ठेवली, वडिलांच्या पत्रिकांवर.

प्रोजेक्टमध्ये तिने त्याचाच फोटो लावला. खाली लिहिलं, ‘यातलं अक्षर माझं आहे.’

तुम्ही जिथे आहात, दुबई, न्यू जर्सी, मॉरिशस, कुठेही, तिथल्या गावाचा असा एखादा खेळ, बाजार, जत्रा आहे का, जिथे तुमची मुलं नुसती बघायला नाही, तर भर घालायला जातात? कमेंटमध्ये सांगा. मला खरंच वाचायचंय.