‘पोलिसी खाक्या’ : एका संज्ञेचा अर्थव्यवहार

जळगाव-धुळ्याच्या गुन्हेवार्तांत ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने कबुली दिली’ अशी वाक्यरचना रूढ आहे. ‘खाक्या’ म्हणजे रीत, खास ढंग. येथे तो कोठडीतील मारहाणीचा सभ्य पर्याय होतो. ‘दाखवताच’ या रूपात मारणारा कर्ता लोपतो, कोठडीतली रात्र क्षणात मिटते. उरतो केवळ कबूल करणारा. 1860च्या दंडसंहितेने (कलम 330) कबुलीसाठी इजा करणे हा गुन्हा ठरवला. 1872च्या पुरावा कायद्याने (कलम 25) पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य मानली. 2024पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतही हे दंडक कायम आहेत. म्हणजे न्यायालय जी कबुली नाकारते, तीच ही रचना वाचकाकडून मान्य करवून घेते. 1825 साली धरणगावी भिल्ल पलटण उभारली गेली. तेव्हापासूनच्या खानदेशी बंदोबस्ताचा इतिहास लिहिणाऱ्याने कबुलीजबाब वाचताना हा लोपलेला कर्ता आधी शोधला पाहिजे.