रात्रपाळीचे भय

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि १९५६ पर्यंत त्याचा सरकारी कारभार नागपूरच्याच सचिवालयातून चाले. तेव्हा तेथील लेडी एल्गिन व व्हिक्टोरिया या जुन्या इस्पितळांतील परिचारिकांची कहाणी मराठी वाचकाला परकी वाटू नये. त्या वास्तूंना पुढे राणी दुर्गावती आणि सेठ गोविंददास यांची नावे लाभली, हे उचितच. परंतु १९४६ साली देशातील आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका असा जो हिशेब मांडला, त्या दुर्भिक्षाची छाया नावांबरोबर पुसली गेली नाही. जिथे रात्री एकच स्त्री सारा कक्ष सांभाळते, तिथे शोकविव्हल आप्तांचा क्रोध, डॉक्टर दूर आणि अधिकारी घरी असल्यामुळे, प्रथम तिच्यावरच कोसळतो.

आघात परक्याकडूनच होतो असेही नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम इस्पितळात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथल्याच सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. खटल्यात शिक्षा झाली ती मात्र जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत सहकारी परिचारिकांच्या शुश्रूषेत जगल्या.

जखमेचा पंचनामा होतो. निद्रानाश, पावलांच्या चाहुलीने होणारा थरकाप, रुग्णाविषयी हळूहळू येणारी बधिरता यांची नोंद कोणत्या दफ्तरात व्हावी? मध्य प्रदेशाने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये संरक्षणाचे कायदे केले खरे, पण फिर्याद देण्याचे धैर्य त्या भयग्रस्त स्त्रीनेच गोळा करायचे असते.